मधली तीन नावं

नेहरू नगरच्या रेडिओ स्टेशनच्या फाटकावर फरमाईशीच्या पत्रांसाठी एक लोखंडी पेटी होती. त्या दुपारी मी आईचं कार्ड टाकायला गेले, तेव्हा एक मुलगा पेटीच्या फटीत स्टीलची पट्टी घालून पत्रं बाहेर ओढत होता. जानेवारीची बारीक झड लागली होती. त्याच्या शर्टाची पाठ पार भिजली होती.

“चोरी करून राहिले का?” मी विचारलं.

तो दचकला नाही. “ड्युटी करून राहिलो. चावी ताईच्या पर्समध्ये, ताई स्टुडिओत, अन् पत्रं पाण्यात.” मग त्याने माझ्या हातातलं कार्ड पाहिलं आणि हसला. “अच्छा… तर शकुबाई, खुर्सीपार, म्हणजे तुम्ही.”

“ती माझी आई. मी फक्त लिहिते.”

“तेच म्हणतो. तीन वर्षं झाली हे अक्षर पाहून राहिलो. तारीख, गाणं, गाणारा, कोणासाठी… एकाखाली एक. बाकीचे लोक दोन पानं भरतात अन् गाणंच लिहायचं विसरतात. मला वाटलं, शकुबाई कोणी रिटायर्ड मास्तरीण असतील, चष्मेवाल्या.”

“चष्मा आहे. पर्समध्ये.”

“मग लावा ना. नीट पाहून घ्या चोराला.”

मी चष्मा लावला. काचांवर लगेच थेंब बसले आणि मला तो धड दिसलाच नाही. तरी मी पाहत राहिले — जरा जास्तच वेळ. हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याच्या लक्षात आलं हे माझ्याही.

त्याचं नाव प्रफुल. दुर्गचा. गीतांजलीताईंसाठी तो पत्रं निवडायचा आणि गाणी काढून ठेवायचा.

गीतांजलीताई कोण, हे भिलाईत कोणाला सांगावं लागत नसे. ‘शिफ्ट के बाद’ हा त्यांचा कार्यक्रम सतरा वर्षं रोज संध्याकाळी सहा ते सात लागत होता. स्टील प्लांटमधून सुटलेला माणूस साबणाने हात धुताधुता तो ऐकायचा, आणि जो दुसऱ्या पाळीत असायचा तो कॅन्टीनमध्ये. ताई बोलायच्या थोडं. नावं मात्र सगळी वाचायच्या — जामुलहून अमुक, दुर्गहून तमुक — कोणाचं राहू द्यायच्या नाहीत. मी एकदा मोजली होती. एका तासात त्रेचाळीस नावं आणि नऊ गाणी.

माझी नोकरी जामुलला, सिमेंटच्या प्रयोगशाळेत. सिमेंटचे ठोकळे बनवायचे, पाण्यात ठेवायचे आणि तीन, सात, अठ्ठावीस दिवसांनी दाबून फोडायचे. किती दाबाला फुटला, ते लिहायचं. प्रफुल संध्याकाळी कधीकधी स्कूटर घेऊन फाटकाशी यायचा.

“आज अठ्ठाविसावा दिवस आहे,” एकदा तो म्हणाला.

“कशाचा?”

“पेटीपाशी भेटलो त्याचा. घ्या तपासून.”

“तपासताना ठोकळा फुटतो,” मी म्हटलं.

“फुटू द्या ना… आकडा तर समजेल.”

मी मान वळवली, पण हसू काही लपलं नाही. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना ‘तू’ म्हणू लागलो.

ताईंचा एक नियम त्यानेच मला सांगितला. लग्न न झालेल्या मुलाचं आणि मुलीचं नाव एका गाण्यासाठी आलं, तर ताई ती लागोपाठ वाचत नसत. मध्ये दुसरी तीन नावं घालत. इथे अर्धं गाव एका प्लांटमध्ये, उरलेलं त्यांच्या नात्यात. दोन नावं शेजारी वाचली गेली की दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होते. “ताई म्हणतात,” प्रफुल म्हणाला, “ज्याला समजायचं त्याला समजते. बाकीच्यांना गाणं ऐकू द्या.”

मग आम्हीही तेच केलं. मी कार्ड टाकायची. ताई वाचायच्या — दामिनी, खुर्सीपार. मग कोणी हवालदार, कोणाची वहिनी, कोणाचा नातू. आणि मग — प्रफुल, दुर्ग. ती मधली तीन नावं ऐकताना मी श्वास धरून बसायची. समोर बाबा चहा पीत असायचे. कोणालाच काही कळत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

एकदा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “हा दुर्गचा प्रफुल तुझ्याच पसंतीची गाणी मागते कावून?”

“असेल आवडत.”

“हो का,” आई म्हणाली, आणि मेथीची जुडी पुढे ओढली.

त्याच सुमारास बाबांच्या मिलमधल्या एका मित्राला आपल्या मुलीचं जुळलेलं कॅन्टीनमध्ये कळलं, दुसऱ्याच्या तोंडून. बाबा दोन दिवस अस्वस्थ होते. माझे बाबा, हिरालाल, प्लांटच्या रेल मिलमध्ये तीस वर्षं, बोलणं कमी. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “तुले जो पसंत असल त्याच्याशी कर, बेटा. मी आडवा नाही येणार. फक्त मले पहिले सांग. तुह्या तोंडानं.”

मी हो म्हटलं. प्रफुललाही सांगितलं. ठरलं असं, की दिवाळीच्या आधी मी बाबांशी बोलायचं आणि मग त्याने घरी यायचं.

मार्चमध्ये ताईंचे यजमान प्लांटमधून रिटायर झाले. क्वार्टर सोडावं लागलं. ते दोघे अमरावतीला निघून गेले. शेवटच्या दिवशी ताईंनी नेहमीसारखी सगळी नावं वाचली, नमस्कार म्हटला, आणि गाणं लागलं. बस.

ताईंची खुर्ची प्रफुलला मिळाली. मला आनंदच झाला होता, हे मी प्रामाणिकपणे लिहिते.

मग रायपूरहून स्टेशनच्या नव्या प्रमुख, मोना मॅडम, आल्या. कार्यक्रमाचं नाव ‘दिल की शिफ्ट’ झालं. फाटकावरची पेटी निघाली. पत्रांच्या जागी फोन आले — कोण कोणावर मरतो, कोणी कोणाला फसवलं. प्रफुलपाशी एक बटण होतं, ते दाबलं की टाळ्या वाजायच्या. मी पुन्हा मोजलं. अकरा नावं, पाच गाणी. आई दोन आठवडे ऐकत राहिली. मग म्हणाली, “माह्या कार्डाचं काय होईल आता?”

मी प्रफुलला विचारलं. “मॅडम म्हणतात, नुसती नावं कोण ऐकते?” तो म्हणाला. “तीन महिने दिले आहेत मला. ऐकणाऱ्यांचे आकडे आले नाही तर खुर्ची गेली.” तो दमलेला दिसत होता. मी त्याचा हात हातात घेतला. पुढे काही विचारलं नाही.

जूनमधली गोष्ट. मी कामावरून येत होते. शेअर ऑटोत रेडिओ चालू होता. प्रफुल बोलत होता — त्या नव्या आवाजात, जो शब्दाच्या शेवटी उगाच खेचला जातो.

“आज कोई फोन नहीं, दोस्तों. आज मेरी कहानी. खुर्सीपार में एक लड़की है… दामिनी. रेल मिलवाले हिरालालजी की बेटी. सीमेंट की लैब में काम करती है, पर दिल सीमेंट का नहीं है. दामिनी — पूरा भिलाई सुन रहा है — शादी करोगी मुझसे?”

टाळ्या वाजल्या. शेजारची बाई ऑटोवाल्याला म्हणाली, “किती गोड.” मी बॅग मांडीवर घट्ट धरली आणि बाहेर बघत बसले.

बाबा त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीत होते. म्हणजे सहाला कॅन्टीनमध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात दाढी करत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले.

“काल सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,” ते आरशातच बघत म्हणाले. “मी पण वाजवल्या. काय करतो?”

“बाबा, मी सांगणारच होते—”

“चांगलाच असल पोरगा. आता नाही म्हणायले जागा कुठं ठेवली? करून टाक.”

त्यांनी होकार दिला होता. इतके महिने मला जो होकार हवा होता, तो हाच होता का, हे मला सांगता आलं नाही.

प्रफुल नेहरू नगरच्या चहाच्या टपरीवर भेटला. हसत होता.

“चारशे मेसेज आले, दामिनी. मॅडम पहिल्यांदा खूश झाल्या.”

“तू मला का नाही विचारलंस?”

“विचारलं तर सरप्राईज कसलं?… अन् खरं सांगू? एका पार्टीचा फोन कटला होता. चार मिनिटं रिकामी होती. समोर काहीच नाही. मग तू आठवली.”

“रिकामी जागा भरायला.”

“तुझ्याशिवाय कोण आठवेल मला?”

हे तो मनापासून म्हणाला. मी त्याच्याकडे पाहून ते ओळखलं, आणि तेच जास्त लागलं. त्या चार मिनिटांत प्रेम किती होतं आणि वेळ भरणं किती, हे मला वेगळं काढता येत नव्हतं. त्यालाही येत नसावं.

“ताईंचा नियम तुला माहीत होता,” मी म्हटलं.

“ताईचा होता ना तो. आता शो माझा आहे.” मग माझा चेहरा पाहून तो मऊ झाला. “नाराज नको होऊ. तुझे बाबा तर हो म्हणाले ना? मग झालंच की.”

“झालं नाही. रविवारी दहा वाजता घरी ये. एकटा. बाबांसमोर बस आणि सांग, की चूक झाली.”

“येतो. पक्का.” त्याने माझ्या बोटांना बोट लावलं. मी हात काढून घेतला नाही. अजून घेतला नव्हता.

रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आईने पोहे केले, वर घालायला शेव वेगळ्या वाटीत काढली. दहा वाजले, अकरा वाजले. बाबा दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले, वाट पाहतोय असं कोणाला वाटू नये म्हणून रोपांना पाणी घालत. साडेअकराला मेसेज आला — मॅडमने मीटिंगला बोलावलंय. सहाला रेडिओ लाव. बाबांनाही बसव. मस्त काहीतरी केलं आहे.

मी तो बाबांना वाचून दाखवला. त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला.

सहाला आईने विचारलं, “लावू का?”

“लाव,” बाबा म्हणाले.

“हिरालालजी, खुर्सीपार,” रेडिओ म्हणाला. “रेल मिल की शान. पूरे भिलाई के सामने आपसे माफ़ी माँगता हूँ. बिना पूछे आपकी बेटी का हाथ माँग लिया. माफ़ करेंगे ना, पापाजी?” टाळ्या. मग गाणं.

बाबा जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात शेजारच्या अंजनाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. “हिरालालभाऊ, नाव आलं तुमचं रेडिओत. आता पेढे काढा.”

बाबांनी हसल्यासारखं केलं.

माझा फोन वाजला. प्रफुल.

“हॅलो,” मी म्हटलं.

“ऐकलं?” त्याने विचारलं.

“ऐकलं.”

आणि तेव्हा मला दुसरा आवाज आला. ‘ऐकलं.’ माझाच. अर्ध्या सेकंदाने, कपाटावरच्या रेडिओतून. गाणं कधी बारीक झालं होतं, माझं लक्षच नव्हतं. आईने रेडिओकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तो बोलो ना, दामिनी,” तो म्हणाला. आधी माझ्या कानात, मग घरात, मग अंजनाबाईंच्या उघड्या खिडकीतून. “सब सुन रहे हैं…”

मी फोन बंद केला.

रेडिओत काही क्षण काहीच नव्हतं. नुसती खरखर. मग घाईघाईने जाहिरात लागली.

“लाइन कटली वाटते,” अंजनाबाई म्हणाल्या. “लाव, लाव परत.”

“कटली नाही, मावशी. मी ठेवला.” माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा स्थिर होता. “लग्न नाही होऊन राहिलं.”

अंजनाबाईंनी तोंडाला पदर लावला. बाबा उठले, त्यांनी रेडिओ बंद केला, आणि कोपऱ्यातली खुर्ची ओढून अंजनाबाईंसमोर ठेवली.

“बसा,” ते म्हणाले. “पोहे आहेत सकाळचे. खाऊन जा.”