नोरा सांगायची

बस जवळ, तुळसा. दिवा असू दे इथेच. सून म्हणून या घरात आलीस, तर हे बाहेरच्यांकडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

सत्त्याहत्तरचा वैशाख होता. नाकाडोंगरीला भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. तुझे मामाजी, म्हणजे आमचे हे, मँगनीजच्या खाणीवरून जेवायला घरी यायचे आणि जरा वेळ मागच्या खोलीत पडायचे. मी त्यांच्यासाठी ताकाचा गडू घेऊन निघाले होते. दाराशी पोचले आणि आतून बोलणं ऐकू आलं. इंग्रजीत. हे काहीतरी विचारत होते, थांबत होते, ऐकून घेत होते, मग हलकेच हसत होते.

मी दार लोटलं. खोलीत हे एकटेच.

त्याच्या आदल्या वर्षी हे अमेरिकेहून परतले होते. खाणीचं शिक्षण घ्यायला मोंटाना नावाच्या राज्यात गेले होते, ब्यूट गावात. आल्यापासून तोंडात दुसरा विषय नव्हता. पश्चिमेला बर्फाचे डोंगर, पूर्वेला गव्हाचं सपाट रान आणि गुरांचे कळप. आधी नदीनाल्यांत सोनं सापडलं, मग चांदी. पुढे विजेच्या तारा आल्या, तांब्याला भाव आला, आणि देशोदेशीची माणसं ब्यूटच्या टेकडीत उतरली. टेकडी आतून पोखरून झाली तेव्हा वरून खोदायला लागले, आणि त्या खड्ड्यानं गावातल्या वस्त्याच्या वस्त्या गिळल्या. हे सगळं सांगून झालं की शेवटी ठरलेलं, "नोरा सांगायची."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण "उषा सांगते" असं हे कधी कोणाजवळ बोलले नव्हते. माझ्या माहेरचं, आसगावचं तळं केवढं आहे, हेसुद्धा यांनी विचारलं नाही.

"कोन होय ते नोरा?" मी एकदा विचारलंच.

"आमच्या घरमालकिणीच्या घरातली. तिच्याइतकं ते गाव कोनाले माहीत नाही." बोलताना यांचा चेहरा असा उजळला, की हातातलं ताट भिंतीवर आपटावंसं वाटलं.

मग जवाहरनगरहून ईश्वरभाऊजी आले. ब्यूटला हे दोघे एकाच घरात राहायचे. हे अंघोळीला गेले होते, तेवढ्यात मी चहा देता देता म्हटलं, "तुमची ते नोरा आता काय करते, भाऊजी?"

"कोन नोरा, वयनी?"

"घरमालकिणीकडची."

भाऊजींनी कप खाली ठेवला. "तिचा तर फोटो होता जिन्यात. मालकिणीची मोठी बहीण. अठरा सालच्या साथीत मेली ते पोरगी... खोकून खोकून. आमी तर चवऱ्याहत्तरात गेलो." मग दाराकडे बघत हळूच म्हणाले, "हा कायले तिचं नाव घेते?"

मला भीती वाटायला हवी होती. पण मनात आलं ते वेगळंच. जिवंत बाई असती तर समजले असते. मी मेलेल्या बाईपुढे कमी पडले होते.

दुसऱ्या दुपारी मी बोलणं सुरू होण्याची वाट पाहिली आणि आत शिरले. बाहेर माती तापून फुटत होती आणि खोलीत गारठा होता. काळोखात कोळशाच्या धुराचा वास. हे खाटेवर बसलेले, समोर वेताची खुर्ची. रिकामी. पण वेत मधे दबला होता.

"उषा... तिथं नको बसू."

"काहून? कोनाची जागा होय?"

हे फक्त मान हलवत राहिले.

मी बसले. माझं घर, माझा नवरा, खुर्ची काय तिची? पाठीतून थंडी वर चढली, मानेपर्यंत. मग कोणीतरी खोकलं. अगदी जवळून... मी इकडंतिकडं पाहिलं. हे माझ्या तोंडाकडे बघत होते.

खोकला माझ्याच गळ्यातून आला होता.

त्यानंतर त्या खोलीतलं बोलणं थांबलं. जिंकले, म्हणून मी खूश होते. पावसाळ्यात एकदा वाढता वाढता सहज म्हणून गेले, "चर्चमागच्या उतारावरचा बर्फ सगळ्यात शेवटी वितळते. पोट्टे तिथंच घसरत जात."

यांचा घास हातातच राहिला. "हे तुले कोनी सांगितलं?"

"तुमीच."

"मी नाही, उषा. मले... मले हे माहीतच नव्हतं."

त्या दिवसापासून यांनी अंथरूण ओसरीत नेलं. तिच्यासमोर दुपार दुपार बसणारा माणूस माझ्यासमोर बसेना. आणि माझ्या छातीतली आग विझण्याऐवजी वाढली. तिच्यात असं काय होतं, जे माझ्या तोंडून आलं की यांना नकोसं होतं?

मग ब्याऐंशीचा उन्हाळा. तांदूळ निवडता निवडता कानातली घरघर एकदम थांबली. थांबली तेव्हा कळलं, की ती इतकी वर्षं सतत चालूच होती. मी ओसरीत जाऊन म्हणाले, "त्याईनं पंप बंद केले."

हे पांढरेफटक पडले. बऱ्याच महिन्यांनी भाऊजींनी बातमी आणली. ब्यूटच्या खाणीतलं पाणी उपसणारे पंप त्याच सुमारास बंद झाले होते. आता बोगदे भरत चालले आहेत, पाणी वर चढत आहे, म्हणाले.

तेव्हापासून दुपारी डोळा लागून उठले, की माझं लुगडं ओलं असतं. पहिल्या उन्हाळ्यात नुसता खालचा काठ भिजायचा. पुढे गुडघ्यापर्यंत आलं, मग कंबरेपर्यंत. त्या पाण्याला तांब्याच्या भांड्यासारखा वास येतो.

आज दुपारी उठले, तुळसा, तर खांद्यावरचा पदर ओला होता.