बर्फावरचं नाणं

"चोरी झालीय!" फोटोवाले आजोबा दारातूनच म्हणाले. "फ्रिजमधला रोल गेला."

तपासनीसबाईंनी चष्मा वर सरकवला. खुर्चीत पेंगणारे त्यांचे भावोजी दचकले. "फ्रिजमध्ये रोल? खायचा?"

"कॅमेऱ्याचा. उष्णतेनं फिल्म मरते, म्हणून गारव्यात ठेवतात." आजोबा खुर्चीत टेकले. "माझी बायको कॅमेरा दिसला की तोंड मिटायची. नऊ वर्षांपूर्वी एकदाच हसली, मी टिपलं. पुढच्या महिन्यात ती गेली. रोल धुवायचा धीर झाला नाही. आता डॉक्टर म्हणतात, नजर वर्षभर टिकली तरी खूप. तीन दिवस त्यांच्याकडेच होतो. आज धुवायला काढणार, तर डबी गायब."

स्टुडिओच्या मागच्या खोलीत जुना फ्रिज घरघरत होता. भिंतीत प्लगची जागा एकच. शेजारी टेबलावर इस्त्री.

बाईंनी दार उघडलं. लोण्याच्या वडीवर मधाची जड बरणी होती. त्यांनी ती उचलून वडी निरखली. सपाट, कडा धारदार.

"बरणी इथं कोणी ठेवली?"

"मीच, तीन दिवसांपूर्वी निघायच्या घाईत. घरात मागे फक्त ताई, माझी थोरली बहीण. तिला लोणी वर्ज्य आहे, म्हणून तिनं हलवलीही नसेल."

वरच्या बर्फाच्या कप्प्यात एक ग्लास होता. काठोकाठ चकचकीत बर्फ आणि वर एक नाणं.

"पैसे गोठवून ठेवता काय?" भावोजी म्हणाले.

"राखण आहे ती. फ्रिज बंद पडला की बर्फ वितळतो, नाणं बुडतं. पाणी पुन्हा गोठलं तरी ते तळाशीच राहतं. नाणं वर आहे, म्हणजे फ्रिज चालूच होता. नऊ वर्षांत ग्लासाला कोणी हात लावलेला नाही."

दुसरी किल्ली जावयाकडे होती. तो आला तोच चिडून. "मी बाबांना वर्षभर सांगतोय, हा खटारा भंगारात द्या. पण रोल घेऊन मी काय करू?"

"आणि नाणं?"

"कसलं नाणं?"

एवढ्यात आजोबांची थोरली बहीण तळघरातून वर आली. बाहीला चुना लागलेला.

"बटाटे आणायला गेले होते," ती म्हणाली. हात रिकामे होते.

"ताई, हे तीन दिवस काय केलंत?"

"पडदे धुतले, इस्त्री केली. रोल चोरानं नेला असेल. चोर सापडतात हो कधीकधी. याला सांगा, वाट बघ म्हणावं."

भावोजी बाईंच्या कानाशी लागले. "वहिनी, जावईच! भंगारावर डोळा आहे."

"तुमचा डोळा मघापासून मधावर आहे, भावोजी. बसा."

मग त्यांनी सगळ्यांनाच बसवलं.

"फ्रिजमधला बर्फ वर्षानुवर्षं सुकून खाली जातो. हा काठोकाठ आहे. म्हणजे ग्लास नव्यानं भरला, आणि वर नाणं ठेवलं ते त्याचा अर्थ ठाऊक असणाऱ्यानं. जावयांना तो ठाऊक नाही. प्लगची जागा एकच. इस्त्रीसाठी फ्रिजचा प्लग निघाला आणि परत लावायचा राहिला. हो ना, ताई?"

ताईंचा चेहरा पडला. "दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर नाणं बुडालेलं. वाटलं, ती दुसऱ्यांदा गेली, या वेळी माझ्या हातून. खराब झाला असं कुठल्या तोंडानं सांगू? चोरीला गेला म्हटलं, तर निदान वाट तरी बघेल."

"म्हणून तळघरात लपवलात. चुना तिथलाच. खराब झाला असं वाटूनही घरातली सगळ्यात गार जागा शोधलीत!" बाई हसल्या. "आता लोणी बघा. आत ऊब शिरली असती तर बरणी रुतली असती. वडीवर साधा वळ नाही. बर्फ वितळला, पण गारवा टिकला. आजोबा, धुवायला घ्या."

ताई धावतच डबी घेऊन आल्या.

तासाभरानं ओली पट्टी दोरीवर टांगली गेली. आजोबांनी दिव्यासमोर भिंग धरलं. एकेका चौकटीवरून ते भिंग सरकवत गेले.

"गेला का रे?" ताईंनी भीतभीत विचारलं.

"ये, बघ. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं. केस बघ तिचे."

"अगं बाई! तुझ्याबरोबर म्हातारी झाली की ही." ताईंनी डोळे बारीक केले. "पण दात काळे का रे दिसतायत?"

आजोबांनी भिंग खाली ठेवलं आणि डोळे पुसले.

"दात दिसतायत ना, ताई? मग झालं तर."