नऊ दारांतल्या नीराबाई

दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत मुरुडच्या लॉजवाल्यांची कामं उरकावीत, म्हणून मी दुपारच्या एसटीने निघाले होते. खिडकीची जागा मिळाली होती, पिशवीत भाजलेले शेंगदाणे होते. माणसाला आणखी काय लागतं? मी अगदी खुशीत होते.

माझं काम म्हणजे लॉजच्या वेबसाइटवरचा मजकूर लिहायचा. आता 'समुद्र पाच मिनिटांवर' हे दर लॉजसाठी नव्याने किती प्रकारे लिहिणार? म्हणून मी ब्लॉक करून ठेवते. कसं यायचं याचा एक, जेवणाचा एक, स्वागताचा एक. एकदा लिहायचा आणि हव्या त्या पानावर जोडायचा. जोडलेला ब्लॉक मुळात एकच असतो, दिसतो मात्र दहा ठिकाणी. एकीकडे शब्द बदलला की सगळीकडे बदलतो. आळशी माणसाला याहून मोठं सुख नाही.

त्यातला स्वागताचा ब्लॉक माझा सगळ्यात लाडका, कारण तो मी लिहिलेलाच नव्हता. चार वर्षांपूर्वी दिनानाथकाकांच्या लॉजवर पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांची बायको नीराबाई दारात उभ्या राहून जे बोलल्या, ते फोनवर रेकॉर्ड करून जसंच्या तसं उतरवलं होतं. "या, बसा. कुठनं आलात? दमला असाल. आधी पानी घ्या." झालं, एवढंच. दोन वर्षांनी नीराबाई गेल्या. ब्लॉक राहिला. या गणपतीनंतर आणखी आठ लॉजची कामं मिळाली, तेव्हा मी तोच सगळीकडे जोडला. इतकं गोड दुसरं कोण बोलणार?

ब्लॉक चांगलाच चालला. आज या लॉजचा, उद्या त्या लॉजचा, असा रोज एक तरी रिव्ह्यू यायचा. 'दारातल्या आजींनी पाणी दिलं, खूप बरं वाटलं.' मला वाटलं, लोक माझाच मजकूर वाचून ठोकून देतायत. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. फक्त केतनच्या लॉजचा रिव्ह्यू वाचून जरा थबकले. तिथे केतन आणि त्याचा भाऊ, दोघंच. बाईमाणूस औषधालाही नाही.

दिनानाथकाकांकडे पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली. मागच्या वाडीत कुणीतरी सोललेल्या नारळांची ओली सोडणं पेटवली होती, त्याचा धूर ओटीवर साचला होता. काका दिवा न लावता बसले होते. मला बघून ते नेहमीसारखे हसले नाहीत.

"शिवानी, तू माझ्या नीराला कामाला लावलंस व्हय?"

"म्हणजे?"

"गेल्यापासनं रोज या टायमाला उंबऱ्यात यायची. बोलायची न्हाय काय. उभी ऱ्हायची, माझ्याकडं बघायची... नि जायची. तेवढ्यावर माझा दिस निघायचा." त्यांनी दाराकडे पाहिलं. "गनपतीनंतर येत न्हाय. केतन सांगतो, त्याच्याकडं सुरंगीचा वास येतो. या दिसांत सुरंगी कुठली? तिचाच गजरा त्यो. त्यानंच तुझी पानं वाचून दाखवली मला. नऊ दारांत बोलावलंस तिला. एकटी बाय... कुठं कुठं पुरी पडंल?"

खरं सांगते, मला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली.

"तिला घरी येऊ दे, पोरी. माझं बाकी काय मागनं न्हाय."

मी तिथेच ओटीवर लॅपटॉप उघडला. आठ पानांवरून ब्लॉक काढून टाकायचा, की काम झालं. पण ऐन दिवाळीच्या तोंडावर आठ पानं ओकीबोकी दिसली असती आणि आठ मालक माझ्या नावाने खडे फोडत बसले असते. मग मला सोयीचं सुचलं. काढण्याऐवजी नुसती जोड तोडायची. जोड तोडली की मजकूर त्या त्या पानावर तसाच राहतो, पण इतरांशी त्याचा संबंध उरत नाही. काकांची नीराबाई काकांकडे, बाकीच्यांचे शब्द बाकीच्यांकडे. नऊ पानं, नऊ वेळा बटण.

शेवटचं बटण दाबलं आणि त्या धुरातून सुरंगीचा वास आला... गोड, दाट, अगदी जवळून.

काका उठून उभे राहिले. उंबऱ्यात मला कुणीच दिसलं नाही. काकांचा चेहरा मात्र दिसला आणि मला रडूच आलं. मी पाय न वाजवता निघाले. परतीच्या एसटीत उरलेले शेंगदाणे खात होते आणि आयुष्यात एक तरी काम धड केलं, याचं समाधान वाटत होतं.

दिवाळी संपल्यावर रिव्ह्यू चाळायला बसले. केतनकडे आजी. समोरच्या लॉजवर आजी. नऊच्या नऊ ठिकाणी आजी, एकाच दिवशी, एकाच संध्याकाळी. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. जोड तोडली की एकाचे नऊ होतात, हे नवीन शिकणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते. आणि त्या प्रत्येकात तेवढंच असतं, जेवढं ब्लॉकमध्ये लिहिलेलं असतं.

मी काकांना फोन लावला आणि नीराबाई येतात का, ते विचारलं.

"येते ना!" काका खुशीत होते. "रोज येते. आता बोलतेसुदा."

"काय... बोलतात?"

"कुठनं आलात, इचारते. दमला असाल, म्हनते. मला वळखत न्हाय ती, शिवानी. पाव्हना समजते."

"काका, चूक माझी झाली. मी..."

"असू दे गं. समोर उभी ऱ्हाते, पानी देते. चाळीस वर्सांच्या संसारात एवढ्या मायेनं कधी इचारलं नव्हतं तिनं." ते हसले. मलाही हसू आलं. "फकस्त काल कायतरी नवंच बोलली."

त्या ब्लॉकमधली चारही वाक्यं मला तोंडपाठ आहेत. पाचवं वाक्य त्यात नाही.

"काय बोलल्या?"

"किती दिस ऱ्हानार, इचारलं." फोनमध्ये समुद्राचा आवाज येत होता. "काय सांगू गं तिला?"