शिदोरीचा पत्ता

पेटी जिथे असायला हवी होती, तिथे खेकडा निघाला.

खेकडा मोठा होता आणि त्याला पाहुणे आवडत नसावेत. त्याने काटेकोरचं बोटच पकडलं. काटेकोर हा घरचा यंत्रमानव. त्याला वेदना होत नाहीत. अपमान होतो की नाही, हे बनवणाऱ्यांनी स्पष्ट केलेलं नाही.

"जागा अचूक आहे," बोट सोडवून घेत तो म्हणाला. "चूक एका सेंटिमीटरहून कमी. पेटी मात्र नाही."

दहा वर्षांच्या द्वारकाने वाकून खेकड्यामागे पुन्हा एकदा पाहिलं. ही नुसती पेटी नव्हती, आजोबांची परीक्षा होती.

आजोबांचं नाव स्वप्नील. एके काळी हे तरुणांचं नाव असायचं म्हणतात. २०६८ साली मात्र जिकडेतिकडे स्वप्नील आजोबाच. ते भूगणितज्ञ (पृथ्वीचं नेमकं मोजमाप करणारे शास्त्रज्ञ) होते. तरुणपणी त्यांना 'नभयान वाटसरू' या मालिकेचं वेड होतं. त्यातलं यान प्रत्येक ग्रहावरून निघताना मागून येणाऱ्यासाठी एक पेटी ठेवून जाई. तिला ते शिदोरी म्हणत. मालिका बंद पडली तेव्हा चाहत्यांनी आंबोलीकडच्या एका देवराईत, पायवाटेच्या कडेने अशा शिदोऱ्या लपवल्या आणि त्यांचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. उपग्रहांच्या मदतीने शोधायच्या अशा पेटीला जिओकॅश म्हणतात. बाकीच्या पेट्या गंजल्या, हरवल्या, दोन माकडांनी नेल्या. उरली आजोबांची.

हल्ली आजोबा चष्मा फ्रिजमध्ये ठेवू लागले होते. शिदोरीचा पत्ता विचारला की अक्षांश-रेखांशाचे आकडे घडाघडा म्हणत आणि शेवटी जोडत, "दोन हजार अठ्ठावीस." अन्वी आत्याची खात्री पटली की बाबांना चालू साल कोणतं तेच कळत नाही. आत्या प्रेमळ होती, म्हणजे काळजी वाटली की लगेच नियम करायची. नियम असा, की आज पेटी सापडली तर ठीक, नाहीतर आजोबांचं जंगलात जाणं बंद.

देवराईचाही एक नियम होता. माणशी एकच दगड उचलायचा, कारण दगडाखाली बेडकांचे संसार असतात. यंत्रमानवाला माणूस धरायचं का, यावर गावच्या समितीत अजून एकमत नव्हतं. म्हणून काटेकोरने उचललेला दगड आत्याच्या नावावर गेला. दुसरा आजोबांनी स्वतः उचलला, अगदी त्याला लागून असलेला. खाली ओली माती होती.

आजोबा खाली बसले. "चुकलं असेल गं अन्वी," ते म्हणाले. "आता भरवसा नाही माझा."

आत्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिने लाडवांचा डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

द्वारकापाशी अजून एक दगड शिल्लक होता. तिने तो उचलण्याआधी तोंड उघडलं. "आजोबा, तुम्ही शेवटी साल का सांगता? पत्त्यात कुणी साल सांगतं का?"

आजोबांनी मान वर केली. जणू कुणीतरी दिव्याचं बटण दाबलं.

"सांगावंच लागतं," ते म्हणाले. त्यांनी डब्याचं झाकण सपाट कातळावर ठेवलं, त्यावर मधोमध लाडू, आणि लाडवाच्या रेषेत कातळावर खिशातल्या खडूने एक फुली मारली. मग झाकण हळूच सरकवलं. "लाडू झाकणावरून हलला?"

"नाही."

"आणि फुलीपासून?"

"लांब गेला."

आपला देश असाच एका झाकणावर बसलाय, असं त्यांनी समजावलं. या झाकणांना भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे अवाढव्य तुकडे) म्हणतात. खालचा तापलेला खडक घट्टच असतो, पण अतिशय सावकाश सरकतो, आणि वरचे भूपट्टही सरकत राहतात. आपला भूपट्ट ईशान्येकडे चाललाय, वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर, म्हणजे नखं वाढतात त्याहून जरासा जास्त वेगाने. झाडं, घरं, खेकडे, आपण, सगळे एकत्रच सरकतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. उपग्रहांचे आकडे मात्र अख्ख्या पृथ्वीला धरून बांधलेले असतात. ते त्या फुलीसारखे जागेवर राहतात.

"म्हणजे काटेकोर फुलीवर उभा आहे," द्वारका सावकाश म्हणाली. "आणि लाडू पुढे गेलाय. चाळीस वर्षं, पाच-पाच सेंटिमीटर... दोन मीटर!"

आत्या काटेकोरकडे वळली. एवढं सगळं ठाऊक असून तू गप्प का बसलास, असं तिने विचारलं.

"साल मिळालं असतं तर मी हिशेब केला असता," काटेकोर अदबीने म्हणाला. "आपल्या सूचनेनुसार बाबांनी उच्चारलेली सालं मी 'असंबद्ध बडबड' या सदरात टाकतो."

आत्याने एक लाडू खाल्ला.

काटेकोरने ईशान्येला दोन मीटर मोजले. तिथे जांभ्याचा एक शेवाळलेला दगड होता. द्वारकाने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, पण हात गुडघ्यावर घट्ट धरले होते. तिने दगड उचलला.

खाली स्टीलचा डबा होता. त्यावर रंगवलेलं यान अर्धं उडालं होतं, पण 'वाटसरू' ही अक्षरं शाबूत होती. आत चाहत्यांचे बिल्ले आणि बोटाएवढं एक यान. रिवाज असा, की एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची. द्वारकाने यान घेतलं आणि आपली केसांची पिन ठेवली. आजोबा डबा दोन्ही हातांत धरून बसले आणि बराच वेळ नुसते हसत राहिले. मग त्यांनी चष्मा शोधायला सुरुवात केली. तो त्यांच्या डोक्यावर होता.

डबा जागी ठेवून दगड झाकला. काटेकोरने शिदोरीचे नवे आकडे वाचून दाखवले. शेवटी "दोन हजार अडुसष्ट" असं आत्यानेच जोडलं. शंभर वर्षांनी कुणी आलं तर त्याने ईशान्येला पाच मीटर पुढे बघावं, हेही द्वारकाने नोंदवायला लावलं.

"आणि हे लिही," आत्या काटेकोरला म्हणाली. "बाबांचं जंगलात जाणं चालू. सोबत द्वारका."

"तारीख घालू?"

आत्याने बाबांकडे पाहिलं. ते लाडू खात, झाकण पुन्हा सरकवून बघत होते.

"घाल," ती म्हणाली. "दर वर्षी इथेच येऊन पुन्हा मोजू."