तिसऱ्या रकान्यातला प्रश्न

दर जानेवारीत बर्नडीन स्टॅन्कॅव्हिज सातवीच्या वर्गात तोच फोटो लावी. १९११ सालचा, पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्याच खाणगावातला. कोळसा निवडायच्या इमारतीत लाकडी घसरणीवर वाकून कोळशातले दगड वेचणारी पोरं, आणि मागे काठी घेऊन, मान खाली घालून त्यांच्यावर नजर ठेवणारा मुकादम. फोटोबरोबर मुलांना तीन रकान्यांचा कागद मिळे. माणसं किती? वस्तू कोणत्या? काय विचारावंसं वाटतं?

तिसऱ्या रकान्यात कुणीतरी हमखास लिही, "याचं नाव काय?" मग वर्ग वर्षभर त्या एका पोराचा माग काढी. जनगणनेच्या याद्या, चर्चच्या वह्या, दफनभूमीतले दगड. नाव सापडलं की बर्नडीन ते वर्गात मोठ्याने वाची आणि शाळा सुटल्यावर चर्चमध्ये एक मेणबत्ती लावी. फोटो काढल्यावर आठ दिवसांत ती इमारत जळाली होती, पोरांसकट. निदान एवढं तरी करावं, असा तिचा नेम.

पहिल्या वर्षी मुलांनी बारा पोरं मोजली. दुसऱ्या वर्षी अकरा. मुलं मोजण्यात चुकतात, हे तिला नोकरीने शिकवलंच होतं. दहा झाली तेव्हा तिने संग्रहालयाकडून नवी प्रत मागवली. तीतही दहाच. मग तिने कपाटातले जुने कागद जमिनीवर पसरले आणि वर्षावर्षाचे आकडे ताडून पाहिले. ज्याचं नाव सापडे, तो फोटोत उरत नसे. त्याच्या जागी नुसती झिजलेली फळी दिसे.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा कागद वाटले.

यंदा एकच उरला होता, कानांवर टोपी ओढलेला. जूनमध्ये बर्नडीन निवृत्त होणार होती. हा मागे राहिला तर त्या काठीपुढे कायमचा एकटाच राहील, या विचाराने तिला घास गोड लागेना. खाणीच्या हजेरीत तो काझिस नोरेकस होता. तिने ते नाव वाचूनही पाहिलं, पण पोर जागचा हलला नाही. चर्चच्या वहीप्रमाणे तो काझिस १८९९ सालीच, तीन महिन्यांचा असताना गेला होता.

मे महिन्यात वर्गातली यारेलिस पेगेरो त्या वहीची प्रत घेऊन टेबलाशी आली.

"बाई, कुणाला सांगू नका हं. तिकडे सांतो डोमिंगोला माझा मामा वय चोरायला धाकट्या भावाच्या दाखल्यावर बेसबॉल खेळायचा. या घरच्यांनी उलटं केलं असेल. खाणीत कामाला घ्यावं म्हणून वय वाढवायला मेलेल्या थोरल्याचा दाखला."

"मग तुझा मामा अजून बारा वर्षांचाच आहे का गं?" मागच्या बाकावरून डेव्हिनने विचारलं. वर्ग हसला.

यारेलिसने एका ओळीवर बोट ठेवलं. जन्म १९०३, आईबाप तेच.

बर्नडीनने वाचलं, "विंत्सास नोरेकस. वय वर्षं आठ."

दुसऱ्या दिवशी सकाळी घसरण रिकामी होती. ती मुलांच्या बाकावर बसली आणि डोळे पुसले. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मधल्या सुट्टीत डब्यातल्या बटाटा भरलेल्या गार पिएरोगीही तिने चवीने खाल्ल्या.

शेवटच्या तासाला यारेलिसने सवयीने एक कागद भरून टेबलावर ठेवला.

माणसं: एक.

वस्तू: काठी.

बर्नडीनने फोटोकडे पाहिलं. मुकादमाची मान आता वर होती.

तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, "हा आपल्या वर्गात कुणाला शोधतोय?"

त्याचं नाव आजवर एकाही मुलाने विचारलं नव्हतं.

तिने फोटो उतरवला, पालथा ठेवला आणि मुलं मोजली. सगळी होती.

तरी तिने पुन्हा मोजली.