अहिल्याचं पिस्तूल

नॉर्थ कॅरोलिनात कॅरीहून रॅलेकडे जाताना टायरच्या एका दुकानामागे शूटिंग रेंज आहे. शनिवारी सकाळी तिथे फारसं कोणी नसतं. मोरेश्वर आणि त्याचा मित्र राजीव पोचले तेव्हा काउंटरवरचा माणूस कॉफी ओतून घेत होता.

"मोरू, तू आणि पिस्तूल!" राजीव म्हणाला. "डास मारताना सॉरी म्हणणारा माणूस तू. यार, फोटो काढून ठेवायला पाहिजे."

"माझं नाही. अहिल्याचं आहे," मोरेश्वर म्हणाला. 'होतं' म्हणायला त्याची जीभ अजून वळत नव्हती.

अहिल्या, त्याची बायको, मार्चमध्ये गेली. दुखणं कळलं नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगला, आणि हिवाळा सरायच्या आत सगळं संपलं. त्याआधी ती एका लॅबमध्ये संध्याकाळच्या शिफ्टला असायची. पार्किंग लॉट लांब, दिवे निम्मे बंद. म्हणून रीतसर शिकून, परमिट काढून तिनं हे पिस्तूल घेतलं होतं. आता त्यांची मुलगी रुचा फार्मसिस्ट झाली होती. दुसऱ्या शहरात, ग्रीन्सबरोला, नवी नोकरी होती आणि दुकान बंद करून एकटीनं गाडीपर्यंत जावं लागणार होतं. आईच्या साड्या, दागिने, काही तिनं मागितलं नाही. "आय वाँट आईज गन," एवढंच म्हणाली.

पिस्तूल नव्या पद्धतीचं होतं. आत नंबर कोरलेला एक छोटा धातूचा सांगाडा. कायद्यानं तेवढंच पिस्तूल. बाकी ग्रिप म्हणजे मूठ, बॅरल म्हणजे नळी, वरची पुढेमागे सरकणारी स्लाइड, सगळं बदलता येतं. अहिल्याचा हात लहान, म्हणून ग्रिप लहान होती. रुचाची बोटं बापासारखी लांब. मोरेश्वरनं मोठी ग्रिप मागवून बसवली होती.

"पार्ट बदलला की भरपूर गोळ्या झाडून बघायच्या," राजीव म्हणाला. "तोपर्यंत भरवसा ठेवायचा नाही."

हे मोरेश्वरला सांगायची गरज नव्हती. सॉफ्टवेअर टेस्ट करण्यात त्याची उमर गेली होती.

गोळ्यांचं पहिलं मॅगझिन अर्ध्यावर आलं आणि स्लाइड अडकली. पुढेही जाईना, मागेही येईना. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. शेवटी राजीवनं ते रिकामं केलं, बाकावर उघडलं आणि पांढऱ्या कापडानं आतून पुसलं. कापड लाल झालं.

"गंज?" मोरेश्वरनं विचारलं.

राजीवनं वास घेतला. "कुंकू आहे बे हे."

मग मोरेश्वरला आठवलं. गेल्या खंडेनवमीला अहिल्यानं पाटावर सगळं मांडलं होतं. शिलाईचं मशीन, त्याचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, आणि मधोमध पिस्तूल. सगळ्यांना हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं एकेक फूल. "शस्त्र म्हटलं की हेच एक खरं आहे घरात," ती म्हणाली होती. "तुझ्या लॅपटॉपला काय धार आहे?"

राजीव खो खो हसला. "वहिनी ग्रेट होत्या यार. लाखात एक माणूस करेल हे. चल, साफ कर, बदल स्लाइडची स्प्रिंग, विषय संपला."

मोरेश्वरनं घरी नेऊन ते नीट धुतलं. सॉल्व्हंट घातलं, बारीक ब्रशनं कोपरे घासले. कापडावर लाल उतरत राहिलं. ते पुसताना त्याला फ्यूनरल होममधली ती थंड खोली आठवली. अहिल्या सवाष्ण गेली म्हणून तिला कुंकू त्यानंच लावलं होतं. मग करंडा तिच्या हाताशी ठेवला. तो तिच्याबरोबरच गेला. त्यानंतर घरात कुंकू नव्हतं.

पुढच्या शनिवारी नवी स्प्रिंग घालून ते पुन्हा रेंजवर गेले. पिस्तूल पुन्हा अडकलं. कापड पुन्हा लाल.

"नीट धुतलं नसशील," राजीव म्हणाला.

"धुतलं होतं."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा मोरेश्वरच्या कामातला पहिला नियम. त्यानं नवी बॅरल मागवली. ती लावूनही अडकलं, मग नवी स्लाइड. दोन्ही सीलबंद पाकिटातून राजीवच्या समोरच काढली आणि रेंजच्या बाकावरच बसवली. पिस्तूल घरी कुलपात असायचं आणि किल्ली त्याच्या पाकिटात.

नव्या स्लाइडनं काही गोळ्या नीट गेल्या. मग हात जड झाला, तसं मोरेश्वरला वाटलं. जणू कोणी मनगट धरून म्हणतंय, थांब जरा. स्लाइड अडकली.

राजीवनं या वेळी विनोद केला नाही. त्यानं कापड आत घातलं आणि बाहेर काढून दोघांच्या मध्ये धरलं.

कुंकू ओलं होतं. पाण्यात कालवून बोटानं लावतात तसं. स्लाइडच्या आतल्या बाजूला, जिथे माणसाचं बोट पोचत नाही, तिथे गोल ठसा होता. लहान बोटाचा.

"घरी कोण येतं तुझ्या?" राजीवनं हळू विचारलं.

"कोणी नाही."

"मग आता राहिलं काय बदलायचं?"

"तो आतला सांगाडा."

"तो बदलला तर दुसरंच पिस्तूल होईल, मोरू." राजीवनं हात पँटला पुसले. मग म्हणाला, "रुचाला दुसरं घेऊन दे. मी येतो दुकानात तुझ्याबरोबर. प्लीज."

मोरेश्वरनं रुचाला फोन केला. "बेटा, नवं घेऊया का?"

"नो, बाबा. आईचंच हवंय."

"ते अडकतंय गं मधेच."

"मग फिक्स कर ना. यू फिक्स एव्हरीथिंग. मला ते जवळ हवंय. बस."

त्या रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मोरेश्वर पिस्तूल उघडून बसला. बाहेर शेजाऱ्याचं लॉनमोवर चालू होतं. कापड आत घातलं. लाल. तेवढ्यासाठी तो हल्ली वाट बघायचा, हे त्याचं त्यालाच कळलं. आठवडाभर ऑफिसात बसून तो त्या लाल कापडाची वाट बघायचा.

"अहिल्या," तो म्हणाला. भांडण मिटवायचं असलं की बोलायचा, त्याच आवाजात. "पोरीला लागणार आहे हे. अंधारात तिच्या हातात अडकलं तर काय करायचं? माझ्याकडे राहिलीस तर मला बरंच आहे गं. पण तिकडे ती एकटी आहे."

लॉनमोवर बंद झालं.

त्यानं आतला सांगाडा पुसला. कडेला, फटीत, नंबराच्या खोबणीत. सावकाश पुसला, ताप आलेल्या माणसाचं कपाळ पुसावं तसा. हात संध्याकाळपर्यंत धुतले नाहीत.

रुचा आली त्या शनिवारी राजीव आला नाही. काम आहे म्हणाला. रेंजवर ते दोघंच होते. मोरेश्वर आत गेला नाही. पिस्तूल तिच्या हातात अडकलेलं त्याला बघवलं नसतं. तो जाड काचेच्या अलीकडे, खुर्च्यांजवळ उभा राहिला.

रुचानं पहिलं मॅगझिन भरलं.

ते सरळ संपलं.

दुसरं. तिसरं. कानांवरच्या मफ्समधून त्याला नुसते ठोके ऐकू येत होते, एकसारखे, कुठे न तुटणारे. तिनं आणलेल्या पेट्या संपल्या. एकदाही अडकलं नाही.

ती बाहेर आली. मोरेश्वरनं रिकामं पिस्तूल बाकावर घेतलं, स्लाइड काढली, कापड आत घातलं. कापड बाहेर काढलं.

काळं. नुसती दारूची काजळी.

त्यानं पुन्हा पुसलं. काळंच. चाचणी पास झाली होती. आता घरी जायचं होतं आणि घरात वाट बघायला काही उरलं नव्हतं.

"बाबा, इट्स परफेक्ट!" रुचा म्हणाली. चेहरा लाल झाला होता, डोळे भरलेले. तिनं त्याला मिठी मारली. "अँड थँक यू, हां. मध्ये माझा हात हलायला लागला ना, तेव्हा तू मागून मनगट धरलंस. मग एकदम स्टेडी झालं."

मोरेश्वर काचेकडे बघत राहिला.

रुचानं त्याचे हात आपल्या हातात घेतले आणि उलटे करून पाहिले. "आता गरम आहेत," ती म्हणाली. "आत इतके गार कसे होते?"

"एसी होता ना आत," मोरेश्वर म्हणाला.