अकरा गुरुवार

वल्लरी आणि विहंगची ओळख झाली तीच मुळी एका एररमुळे. कॉलेज रोडवरच्या त्या छोट्याशा कंपनीत पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउससाठी सॉफ्टवेअर बनायचं, आणि त्याची माहितीपुस्तिका वल्लरीकडे. पुस्तिकेची पानं कोडमधूनच आपोआप तयार व्हायची. फक्त कोडला लागणारी सगळी पॅकेजेस, म्हणजे बाहेरून घेतलेले तयार कोडचे तुकडे, एका यादीत लिहिलेली हवीत. एक जरी राहिलं, तरी सगळं अडायचं. पहिल्याच दिवशी अडलं, आणि शेजारून खुर्ची सरकवत विहंग आला. अगदी जवळ... वाकून स्क्रीनकडे बघू लागला.

"एक ओळ राहिलीये. बस्स, एवढंच!"

एवढंच कसलं! वल्लरीचा जीव तेव्हाच त्याच्यात अडकला.

पुढे दर गुरुवारी, पानं नव्याने बनवायच्या दिवशी, ती यादी हमखास बिघडू लागली. कारण सकाळी वल्लरीबाई स्वतःच गुपचूप एक ओळ काढून टाकायच्या! विहंग यायचा, शोधायचा, हसायचा. मग दोघं मिसळ खायला जायची.

आज मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसने विहंगला कायमचं तिकडे बोलावलं होतं, आणि हो की नाही ते त्याला पाचपर्यंत कळवायचं होतं. साडेचार झाले होते.

"विहंग, परत अडलंय रे!"

तो आला, पण यादीकडे त्याने बघितलंही नाही. त्याने बदलांचा इतिहास उघडला. कोणी, कधी, कोणती ओळ काढली... सगळं तारीखवार. अकरा गुरुवार, आणि अकराही वेळा नाव एकच — वल्लरी.

तिचे कान तापले. प्रत्येक बदल नावानिशी नोंदला जातो, हे रोज तेच काम करणाऱ्या मुलीच्या डोक्यातच आलं नव्हतं!

"तुला... कधीपासून माहितीये?"

"दुसऱ्या गुरुवारपासून."

"तरी येत होतास?"

"पाच मिनिटांच्या कामाला मी अर्धा तास लावायचो. ते नाही आलं लक्षात?"

ती हसली, पण डोळे भरून आले. "मग पुणं?"

"तेच विचारायचंय. आज काही कारण न काढता सांग."

वल्लरीने खुर्ची त्याच्याकडे फिरवली. "जाऊ नकोस, विहंग. मला तू आवडतोस... खूप."

त्याने फोन काढला, नकाराच्या दोन ओळी लिहिल्या आणि फोन तिच्यापुढे धरला. "पाठव तूच."

तिने बटण दाबलं. त्यानंतर तिचा हात विहंगने सोडलाच नाही.